साखरेच्या पोत्याचा पुरा हिशेब

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊस उभा राहिला, माळीनगरास सासवड माळी मंडळींनी स्वातंत्र्यापूर्वीच कारखाना काढला, आणि पुढे अकलूजच्या शंकरनगरात सहकारी कारखान्याचे धुराडे उभे राहिले, तेव्हापासून गाळप, उतारा आणि वाफेचा खप या रकमांत साखरेचा हिशेब मांडण्याची जी रीत पडली तिने आमच्या व्यवसायास शिस्त लावली, यात शंका नाही. परंतु वस्तूच्या उत्पत्तीपासून विल्हेवाटीपर्यंत तिचा सृष्टीवर पडणारा भार मोजणाऱ्या जीवनचक्र मूल्यमापनास ही रीत पुरी पडत नाही, कारण ती वजनकाट्यापाशी सुरू होते.

काट्याच्या आत आमचा उद्योग बराचसा निर्मळ दिसतो. उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस निघतो, त्यावरच बॉयलर चालतो, आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज बाहेर विकली जाते. खरा भार साठतो तो शेतात. आडसाली उसास शिफारशीप्रमाणे हेक्टरी ४०० किलो नत्र दिले, आणि त्यातील एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत गेले असे सर्वमान्य गृहीतकाने धरले, तरी तो वायू सव्वासहा किलो भरतो. शंभर वर्षांच्या मुदतीत त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट असल्याने एवढ्या एका कलमाखाली हेक्टरी सुमारे १,७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार नावे पडतो. युरियाच्या कारखान्यात खर्ची पडलेला वायू, विहिरीवरील पंपास लागलेली कोळशाची वीज आणि तोडणीनंतर पेटविलेले पाचट यांची मोजदाद अद्याप यात आलेलीच नाही.

दुसरा प्रश्न वाटणीचा, आणि आमच्या मते तोच अधिक नाजूक आहे. एकाच उसातून साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड निघतात, तेव्हा शेतातील भार कोणाच्या खाती किती घालावा? २००६ च्या आयएसओ १४०४४ या मानकाने क्रम घालून दिला आहे: साधेल तेथे वाटणीच टाळावी, न साधल्यास भौतिक संबंधाने करावी, तेही न जमल्यास किमतीच्या प्रमाणात. यांपैकी कोणताही मार्ग पत्करला तरी तो अहवालात स्वच्छ नमूद असला पाहिजे. सहविजेने कोळसा वाचविल्याचे श्रेय साखरेच्या खाती जमा करावयाचे आणि तीच वीज स्वतंत्रपणे हरित म्हणून विकावयाची, किंवा मळीवर शून्य भार धरून इथेनॉलला निष्कलंक ठरवावयाचे, हा प्रकार हिशेबनिसाने केला असता तर लेखापरीक्षकाने तो खचित चालू दिला नसता.

आमच्या तंत्रज्ञांस या कामी एक सोय अनायासे लाभलेली आहे, आणि तिचे मोल पुरते ओळखले गेलेले नाही. परदेशातील अभ्यासकांस शेतावरील आकडे बहुधा सरासरीवरून घ्यावे लागतात. येथे मात्र कारखान्याच्या शेतकी खात्याच्या दप्तरात प्रत्येक सभासदाच्या लागणीची तारीख, उसाची जात आणि क्षेत्र नोंदलेले असते, आणि टनेज काट्यावर मिळते. त्या नोंदीत खताचा तपशील, सिंचनाची पद्धत व पंपाचे तास, आणि पाचट जाळले की कुजविले, एवढी तीन कलमे वाढविली म्हणजे गटवार हिशेब उभा करता येईल. हे काम रसायनज्ञाने एकट्याने प्रयोगशाळेत बसून होणारे नव्हे. आगामी लागण हंगामाच्या नोंदी सुरू होण्यापूर्वीच त्याने शेतकी अधिकाऱ्याशी बसून नमुना ठरवावा, आणि चिटबॉयकडून तो पहिल्या वर्षी एका गटापुरताच भरून घ्यावा.