नववीचा वर्ग कुठे आहे, ते विचारा

पुणे महापालिकेच्या जानेवारी २०२६च्या निवडणुकीसाठी आमच्या प्रभागात घरोघरी टाकलेली सगळी प्रचारपत्रकं मी जपून ठेवली आणि एकेक करून वाचली. पक्ष वेगळे, चिन्हं वेगळी, पण दोन वचनं प्रत्येकावर आहेत. पहिलं, प्रभाग गुन्हेगारीमुक्त करू, चौकाचौकांत सीसीटीव्ही बसवू, कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांचा, म्हणजे कोयता गँगचा, बंदोबस्त करू. दुसरं, महापालिकेच्या शाळा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या करू. एका पत्रकावर उमेदवाराच्या फोटोखाली ‘भावी महापौर’ असंही छापलं आहे. पुण्यातल्या महापालिकेच्या शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि अजूनही शाळेच्या मागच्याच गल्लीत राहते. माझ्या मते ही दोन वचनं मुळात एकच आहेत. ती वेगवेगळी छापली जातात आणि म्हणून दोन्ही पोकळ राहतात.

आधी कुणाच्या हातात काय आहे ते बघू. महाराष्ट्रात महापौर आपण निवडत नाही, नगरसेवक निवडतात. महापौरांची मुदत अडीच वर्षांची. ते पद कोणत्या प्रवर्गाला जाणार याची सोडत या वेळी १५ जानेवारीच्या मतदानाआधी निघालेलीच नाही, त्यामुळे तोवर कुणीही स्वतःला महापौरपदाचा उमेदवार म्हणवून घेऊ शकत नाही. कारभाराचे खरे अधिकार आयुक्तांकडे असतात. पोलिस तर राज्याच्या गृह खात्याचे. पुण्याचा महापौर एका हवालदाराची बदली करू शकत नाही, एक चौकी वाढवू शकत नाही. कोयता गँगचा बंदोबस्त करण्याचं वचन देणाऱ्या नगरसेवकाला तो बंदोबस्त करता येणार नाही. हे त्यालाही ठाऊक असतं आणि मतदारांपैकी निम्म्यांना तरी ठाऊक असावं.

मग त्याच्या हातात काही नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. १९४९च्या महानगरपालिका कायद्याने रस्त्यावरचे दिवे आणि प्राथमिक शाळा ही महापालिकेची बंधनकारक कामं ठरवली आहेत. पैसे कुठे खर्च होणार हे स्थायी समितीत आणि सर्वसाधारण सभेत ठरतं. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेली कामं ‘स’ यादीतून अंदाजपत्रकात येतात. त्या यादीतून आजवर किती बाकडी, किती कापडी पिशव्या, किती कचऱ्याच्या बादल्या आणि किती नामफलक आले हे प्रत्येक पुणेकराने पाहिलं आहे. त्याच यादीतून शाळेसाठी काय काय आणता आलं असतं, ते मी शाळेत बसून पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. महापालिकेच्या बहुसंख्य शाळा सातवी किंवा आठवीला संपतात. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पहिली ते आठवी. त्यापुढे मुलाला शाळेत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी कुणाचीच नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक कामांवर बंदी घातली. बाकीच्या कामांना मोकळीक आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी शाळेची हमी सुटते आणि त्याच वाढदिवसाला गॅरेजचं, हॉटेलचं, गाड्या धुण्याचं दार उघडतं. वर्तमानपत्रात ‘दोन अल्पवयीन ताब्यात’ अशी बातमी आली की त्या मुलांचं वय बघा. पंधरा, सोळा, सतरा. मला ती बातमी वाचताना पहिला विचार हाच येतो, की हा नववीत कुठे होता?

मुख्याध्यापकाच्या खोलीत एक लोखंडी कपाट असतं. त्यात जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि शाळा सोडल्याचे दाखले असतात. आठवीचा निकाल लागला की आम्ही दाखले लिहून, सही-शिक्का करून तयार ठेवायचो. जून-जुलैत पालक येऊन न्यायचे, कारण पुढच्या शाळेत प्रवेशाला दाखला लागतो. दिवाळीपर्यंत जे दाखले कपाटातच राहायचे, ती मुलं कुठल्याच शाळेत गेलेली नसायची. दर वर्षी असा एक गठ्ठा उरायचा. त्याला रबर लावून आम्ही तो खालच्या कप्प्यात ठेवायचो. गळतीचे कागदोपत्री आकडे काय सांगायचे ते सांगोत. माझ्या शाळेची गळती त्या कप्प्यात हाताने मोजता यायची.

त्या गठ्ठ्यातला एक दाखला मला नावासकट आठवतो, नाव इथे लिहीत नाही. अक्षर सुरेख, भूमितीच्या आकृत्या अशा काढायचा की वर्गातल्या इतर मुलांना मी त्याची वही दाखवायचे. दाखला का नेला नाही, हे विचारायला मी त्याच्या घरी गेले. आई चार घरची धुणीभांडी करून नुकतीच आली होती. ती म्हणाली, ‘‘बाई, नववीची शाळा लांब हाय. दोन बसा बदलायच्या. पोरगं वेळंवर घरी आलं का न्हाई, हे बघायला मी घरी नसते.’’ जवळच्या खासगी अनुदानित शाळेत जागा नव्हती, विनाअनुदानित शाळेची फी परवडणारी नव्हती. मुलगा वॉशिंग सेंटरवर लागला. तिथून गल्लीतल्या एका भाईच्या मागे गाडीवर फिरू लागला. दोन वर्षांनी त्याच्या आईने मला रस्त्यात थांबवलं ते पोलिस ठाण्यात बरोबर येता का, हे विचारायला. मारामारीत तो होता, हातात कोयता दुसऱ्याच्या होता. बाल न्याय मंडळापुढे हजर करताना त्याच्या वयाचा पुरावा लागला. तो पुरावा म्हणजे माझ्या कपाटातला तोच दाखला.

त्या मुलाला कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. ज्याला लागलं त्याच्या घरच्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. कोयता उगारणाऱ्याला मोकळं सोडा, असंही माझं म्हणणं नाही. पोलिसांनी पोलिसांचं काम करावंच. पण महापालिकेच्या निवडणुकीत आपण पोलिस निवडत नाही, आणि गुन्हा होण्याच्या आधीची जी दोन-तीन वर्षं असतात ती महापालिकेच्या हद्दीतच जातात. त्या वर्षांचं काय, हा प्रश्न नगरसेवकाला विचारायचा असतो.

या वेळी तो विचारायला आणखी एक कारण आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनीच कारभार केला. त्या मार्चमध्ये पाचवीच्या वर्गात बसलेलं मूल या निवडणुकीच्या वेळी नववीत असायला हवं. पाचवी ते नववी हा त्याचा सगळा प्रवास, ज्याला जाब विचारावा असा एकही नगरसेवक नसताना झाला. या काळात आमच्या शाळेमागच्या, कालव्याच्या कडेने जाणाऱ्या वाटेवरचे दिवे कितीदा बंद पडले याच्या तक्रारी मी स्वतः लिहून दिल्या आहेत. दुपारच्या सत्रातल्या मुली याच वाटेने घरी जातात आणि डिसेंबरात सहाला अंधार पडतो. तक्रार घ्यायला माणूस असायचा, पण त्या दिव्यासाठी सभागृहात उभं राहून बोलणारं कुणी नव्हतं. सीसीटीव्ही बसवा, माझा विरोध नाही. चोरी झाल्यावर चोर सापडायला त्याचा उपयोग होतो. पण त्या वाटेवर आधी दिवा हवा, कारण अंधारात कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही.

परवा एक उमेदवार घरी आला. माझाच विद्यार्थी. ‘‘बाई, आशीर्वाद द्या,’’ म्हणून वाकला. मी म्हटलं, ‘‘आशीर्वाद आहेच. आपल्या शाळेत नववी कधी सुरू करणार ते सांग.’’ तो म्हणाला, ‘‘बाई, ते शिक्षण विभागाचं असतं, वरून मंजुरी लागते.’’ मंजुरी लागते हे खरं. पण मंजुरी मागणारा प्रस्ताव खालूनच जातो. शाळेच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्या आहेत. त्यांतल्या एकीत निवडणुकीचं सामान ठेवलं आहे. शिक्षक, प्रयोगशाळा आणि पगाराची तरतूद एवढंच उभं करायचं आहे. आणि मुंबई-पुण्यासह काही महापालिका माध्यमिक शाळा चालवतातच. पुण्यात शिवदर्शनच्या राजीव गांधी ई-लर्निंग स्कूलने महापालिकेची शाळा किती चांगली होऊ शकते हे दाखवून दिलं आहे. तशी एक शाळा नव्हे, तर प्रत्येक प्रभागात दहावीपर्यंतची साधी, चालत जाता येईल अशी शाळा मला हवी आहे. चकचकीत इमारत नसली तरी चालेल.

पुणे महापालिका दहावी-बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्यांना शिष्यवृत्ती देते, दहावीला पंधरा हजार आणि बारावीला पंचवीस हजार रुपये. चांगली योजना आहे, माझ्या विद्यार्थ्यांनाही मिळाली आहे. पण ती दहावीपर्यंत पोचलेल्यासाठी आहे. आठवीनंतर घरी बसलेल्याला परत आणण्यासाठी तरतूद किती? यंदा एका जाहीरनाम्यात बस आणि मेट्रो मोफत करण्याचं वचन आलं आहे. पैसा कुठून येणार, हा प्रश्न बरोबर आहे, तो विचाराच. पण सगळ्यांना मोफत जमत नसेल तर नववी-दहावीच्या मुलांना आधी द्या. दोन बस बदलून जावं लागतं म्हणून ज्याची शाळा सुटली तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आहे.

गुन्हेगारीवर बोलणाऱ्या पक्षांना मला आणखी एक विचारायचं आहे. यंदा पुण्यात खुनाच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून तुरुंगात असलेल्यांना पोलिस बंदोबस्तात आणून अर्ज भरून घेतले गेले, हे छायाचित्रांसह छापून आलं. आरोप सिद्ध होईपर्यंत कुणी गुन्हेगार नसतो, हे मी मानते. पण पंधरा वर्षांचा मुलगा कायद्याचं कलम वाचत नाही. गल्लीत कुणाचा फ्लेक्स लागतो आणि त्यावर कुणाकुणाचे फोटो असतात, हे तो वाचतो. तडीपारी भोगून आलेल्याचा वाढदिवस चौकात साजरा होतो आणि शुभेच्छुकांत माननीयांची नावं असतात. गुन्हेगारीमुक्तीचं वचन देणाऱ्याने निदान आपल्या फ्लेक्सवरचे फोटो तपासावेत, हे तर त्याच्याच हातात आहे.

नगरसेवकाच्या हातात काय असतं, याचं एक जुनं उदाहरण पुण्यातच आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं म्हणाले. प्रस्तावाच्या विरोधात मत त्यांचं एकट्याचं होतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त आमच्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांनी हार घातले, फोटो काढले. मला त्यांच्यात असा एक नगरसेवक हवा आहे, जो सभागृहात एकटा पडला तरी शाळेच्या पैशासाठी हात वर करील.

पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग आहेत. बहुतेकांना चार मतं द्यायची आहेत. चारही द्या. आणि त्याआधी दारात येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, तीनच गोष्टी विचारा. आपल्या प्रभागातली महापालिकेची शाळा कितवीपर्यंत आहे? पुढच्या इयत्तेसाठी तुम्ही काय प्रस्ताव देणार? शाळेच्या वाटेवरचे दिवे सुरू आहेत का, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? उत्तर पाठ नसेल तरी हरकत नाही. प्रश्न ऐकून जो वहीत लिहून घेतो आणि दोन दिवसांनी फोन करतो, त्याला माझं मत आहे.

तुमचं मतदान केंद्र बहुतेक एखाद्या शाळेतच असेल. रांगेत उभे असताना त्या इमारतीकडे नीट बघा, नळाला पाणी येतं का ते बघा, शेवटचा वर्ग कोणता आहे ते शिपायाला विचारा. निकाल १६ जानेवारीला लागेल. महापालिकेचं आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं आणि शाळा जूनमध्ये. यंदा नववीचा वर्ग हवा असेल तर निवडून आलेल्या चौघांकडे त्याची मागणी फेब्रुवारीतच, लेखी, घेऊन जावी लागेल.