कणगीचे पोट

लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या हव्यातच. पण ती साळ वर्षभर राहत होती कुठे, हे शहरातल्या मुलांना विचारून पाहा! कणगी त्यांनी बहुधा चित्रातच पाहिलेली असते. भंडारा जिल्ह्यातला आमचा कोंढ्याकडचा मुलूख धानाचा. अशा मुलखात घराची ऐपत पूर्वी कणगीवरून जोखली जाई.

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांचे उभे नळकांडे आणि त्यावर शेणमातीचा लेप. कामटी ताण सोसते, पण दाबली की वाकते. माती दाब सोसते, पण ताणली की तडकते. दोघींचा संसार मात्र पक्का! २०११ पासून प्रवासी नेणाऱ्या बोइंग ७८७ विमानाचे धड कार्बनचे धागे राळेत बसवून केलेले असते. त्याची जात हीच.

अशी कणगी दगा देते कशी? धान बाहेर रेटते म्हणून, असे आपण म्हणू. ते अर्धेच खरे. १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनियराने दाखवले की, कोठारातल्या धान्याचे सगळे वजन तळावर पडत नाही. दाणे भिंतीला घासतात आणि बराच भार तिच्यावरच टाकतात. भिंत अशी उभ्याने दबत असते. पातळ भिंत मग चुरडण्याआधीच बाजूला झुकते, तिचे पोट सुटते. इंजिनियर याला ‘बकलिंग’ म्हणतात. जुन्या पोस्टकार्डाची सुरळी उभी करून तिच्यावर पुस्तके रचून पाहा. सुरळी निमूटपणे भार घेते आणि एकाएकी बसते. आधी सूचना नाही. तीच जरा दमट करा, पहिल्याइतकी पुस्तके पेलणार नाही.

ओल आणि ऊब घात करतात त्या इथेच. पावसाळ्यात लेप मऊ होतो, उन्हाळ्यात आकसून तडकतो. कामटीला धरणारे कोणी उरत नाही. विमानातही कार्बनचा धागा ओलीला दाद देत नाही, पण राळ हवेतली ओल हळूहळू पिते आणि मग थोड्या उष्णतेनेही नरम पडते. धागा शाबूत, आधार गेलेला! म्हणून अशा भागांची परीक्षा उष्ण आणि दमट स्थितीतही घ्यावी लागते.

कणगीचा एक शत्रू तर पोटातच असतो. ओले धान श्वास घेते, ऊब धरते, ओल सोडते. आज धान साठवताना त्यातली ओल १४ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणून सांगतात. जुन्या बायका दाणा दाताखाली धरीत. कट्‌कन वाजला तरच तो कणगीत जाई. आणि भरण्याआधी कणगी नव्याने लिंपली जाई, कारण ती बसली तर वर्षाचा घास मातीत.

ही परीक्षा आणि ही डागडुजी घरची बाईच करी. तिला कोणी इंजिनियर म्हणत नसे, इतकेच.