नदी दारी, नळ कोरडा

इंदूरहून देपालपूरच्या वाटेला लागले की गंभीर नदीवरील यशवंतसागराचे विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. होळकरांच्या राजवटीत हा जलाशय बांधला गेला तो इंदूरची तहान भागविण्यासाठी. ती त्याने भागेना, तेव्हा 1970 साली इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि 1978 साली जलूदहून सुमारे 70 किलोमीटरचा मार्ग आक्रमून, विंध्याचा चढ चढून नर्मदा शहरात आली. हा पराक्रम खराच. परंतु नदी दारी येणे वेगळे आणि नळाला धार येणे वेगळे. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोमंतकातील गृहिणीलाही हा भेद कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी चढते ते दाबाने. एकमजली घरासाठी नळजोडणीपाशी किमान 7 मीटर आणि दुमजली घरासाठी 12 मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असावा, असा आपल्याकडील पाणीपुरवठ्याचा जुना दंडक आहे. तथापि, दिवसाकाठी तास-दोन तासच पाणी सोडले की सारा गाव एकाच वेळी नळ उघडतो, वाहिनीतील दाब ढासळतो आणि टोकाच्या घरी केवळ हवेचा फुसकारा पोहोचतो. मग कोणी तरी नळजोडणीलाच विजेची मोटर लावतो. त्याची टाकी भरते, शेजाऱ्याचा हंडा रिकामा राहतो. दुसऱ्या दिवशी शेजारीही मोटर आणतो. या चढाओढीत पाणी थेंबभरही वाढत नाही. वाढते ते केवळ विजेचे देयक.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. मोटरच्या ओढीने वाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की फटींतून बाहेरचे पाणी आत खेचले जाते, आणि ते बहुधा गटाराचे असते. पुरवठा बंद असताना रिकाम्या वाहिनीतही हेच घडू शकते. डिसेंबर 2025 च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि अनेकांचे प्राण गेले. स्वच्छतेसाठी देशभर गौरविलेल्या शहरात हे घडले. तेथे दोष गळक्या वाहिनीचा होता. पण गळकी वाहिनी आणि घटलेला दाब एकत्र आले की काय ओढवू शकते, हे आता कोणाला नव्याने सांगावयास नको.

मग गृहस्थाने करावे काय? प्रथम शेजारच्या नळाखाली बादली भरून पाहावी. तेथे धार चांगली असेल तर दोष आपल्याच घरात आहे. अर्धवट उघडा कॉक, मीटरमधील तुंबलेली जाळी, गंजाने आतून आवळलेली जुनी लोखंडी नळी, हे नेहमीचे अपराधी. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाची नळी घातली तर पाण्याची वाट सव्वादोनपट रुंद होते. दाबच कमी असेल, तर नळाचे पाणी आपोआप भरेल अशी झाकणबंद टाकी जमिनीलगत बांधावी आणि मोटर त्या टाकीवर बसवावी. नळजोडणीवर कदापि नव्हे.

साऱ्या गल्लीचीच धार मंद असेल, तर मात्र तो प्रश्न गृहस्थाचा राहत नाही. गळती शोधणे, उंच-सखल भागांचे स्वतंत्र विभाग पाडणे, प्रत्येक विभागाचा दाब मोजून जाहीर करणे, ही कामे नगरपालिकेची आहेत. मोटरी जप्त करण्याची मोहीम दिसावयास शूर दिसते. पण पाणी पोहोचविल्यावाचून मोटर हिसकावणे हा न्याय नव्हे. नव्या योजनांच्या कोनशिला बसविण्याचा आपल्या राज्यकर्त्यांना हव्यास आहे, जुन्या वाहिन्या उकरून पाहण्याचा नाही. कारण कोनशिलेवर नाव कोरता येते. बुजविलेल्या गळतीवर ते कोरता येत नाही. गावाच्या टोकाच्या घरातील शेवटचा नळ किती वेळात बादली भरतो, यावरच नगरपालिकेची परीक्षा व्हावी.