आधी सावली, मग कोंबडी

कोंबडीला घाम येत नाही. ही साधी गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर थरच्या वाळवंटातील कुक्कुटपालनाविषयी केलेली कोणतीही शिफारस कागदावरच राहावयाची. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी हवेचे तापमान ५१ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. असा आकडा वाचला की आपल्या डोळ्यांपुढे माणूस येतो, फार तर उंट येतो; अंगणातील कोंबडी येत नाही. अंडी विकून मिळणारे चार पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती पडतात. उन्हाळ्यातील एका दुपारी खुराडे रिकामे झाले, तर ते नुकसान तिचे होय.

कोंबडीचा पूर्वज जो रानकोंबडा, तो दक्षिण व आग्नेय आशियातील रानांच्या छायेत वाढलेला पक्षी. वाळवंट ही त्याची भूमीच नव्हे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते. भोवतालची हवा याहून थंड असेपर्यंत ती पंख अंगापासून दूर धरते, तुऱ्यात अधिक रक्त खेळविते आणि उष्णता बाहेर टाकते. हवा ४५ अंशांवर गेली की हा मार्ग खुंटतो; उलट वाराच तिला तापवू लागतो. मग चोच उघडून धापा टाकणे, म्हणजे श्वासमार्गातील पाण्याची वाफ करून शरीर निवविणे, एवढाच उपाय उरतो. त्या धापांबरोबर कर्बद्विप्राणिद वायू प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताची रासायनिक घडी बिघडते आणि अंड्याचे कवच पातळ होते. पातळ कवचाची अंडी बाजारापर्यंत धड पोहोचत नाहीत, हे सांगावयास नकोच.

येथेच माझा प्रचलित पुस्तिकांशी मतभेद आहे. दोन्ही बाजूंस जाळी आणि वर पत्रा, हा त्यांतील ठराविक आराखडा. दमट प्रदेशात मोकळी हवा हवीच; परंतु लू वाहत असताना वाळवंटात जाळीतून आत येते ती झळ, आणि पत्र्याचा तर तवाच होतो. थरमधील माणूस स्वतः कोठे राहतो ते पाहावे. मातीच्या जाड भिंती, वर खींप नावाच्या झुडपाच्या काटक्यांचे किंवा बाजरीच्या सरमडाचे शाकार: ही त्याची झोपडी दुपारी पत्र्याच्या घराहून कितीतरी सुसह्य असते. कोंबडीचे घरही तसेच का नसावे? त्याची लांब बाजू पूर्वपश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळसंध्याकाळचे तिरपे ऊन कमी शिरते. ते खेजडीखाली, म्हणजे आपल्या शमीखाली, बांधता आले तर अधिक उत्तम. दुपारी वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे आणि सूर्यास्तानंतर सर्व काही उघडावे, कारण वाळवंटाची रात्र लवकर निवते. मात्र पावसाळी हवेत ओलावा आला की ओल्या गोणपाटाचा गुण संपतो. तेव्हा ते काढून टाकलेलेच बरे.

आता पाणी. भाषांतर करताना 'स्वच्छ, थंड पाणी भरपूर द्यावे' हे वाक्य मी अनेक वेळा लिहिले असेल. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही. ज्या गावी पाणी टांक्यातून, म्हणजे भूमिगत कुंडातून, मोजून उपसावे लागते, तेथे ते वाक्य वाचणाऱ्यास काय वाटत असेल, याचा विचार मला फार उशिरा सुचला. तरीही हिशेब कोंबडीच्याच बाजूचा आहे. एरवी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा अधिक पिते. दहा कोंबड्यांना पाच लिटर धरले, तरी एका म्हशीला त्याच्या दहापट लागते. पाणी सावलीत, मातीच्या परळात ठेवावे. तापलेले पाणी कोंबडी टाळते. दाणा पहाटे व संध्याकाळी द्यावा. पचनक्रियेतही उष्णता निर्माण होते आणि ती भर दुपारी अंगावर येते.

जातींविषयी फार बोलण्याचे कारण नाही. हलक्या अंगाची कोंबडी भारी अंगाच्या कोंबडीपेक्षा ऊन अधिक सोसते. उघड्या मानेच्या कोंबड्यांचा पिसारा सुमारे एक ते दोन पंचमांशांनी कमी असतो आणि त्यांस त्याचा लाभ होतो. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रविद्या विद्यापीठाने अंगणात पाळण्याजोगी 'प्रतापधन' कोंबडी सिद्ध केली आहे. जोधपूर येथे केंद्रीय रुक्ष प्रदेश संशोधन संस्था १९५९ पासून वाळवंटाचा अभ्यास करीत आली आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. परंतु उत्तम जातीचे पिलूही पत्र्याखाली मरते.

म्हणून, ज्या योजनेत पिलांची संख्या लिहिलेली असते आणि छपराचा उल्लेखही नसतो, तिला माझा विरोध आहे. प्रत्येक कुटुंबाला वीस पिले देण्याऐवजी आठ द्यावीत आणि उरलेल्या पैशातून शाकारलेले खुराडे उभारून द्यावे. वाटप एप्रिलमध्ये तर मुळीच करू नये. ते पावसाळा ओसरल्यावर करावे. म्हणजे हिवाळ्याच्या थंड रात्री येईतोवर पिलांना पिसे फुटतात आणि पहिली लू वाहू लागेल तेव्हा त्या अंगणाची ओळख झालेल्या, सावलीची जागा ठाऊक असलेल्या कोंबड्या झालेल्या असतात.