वेदनेचाही हिशेब असावा



वही चोख ठेवण्याचा संस्कार व्यापारी कुटुंबांत बालपणापासून होतो. जीवदयेसाठी दिलेल्या निधीचाही हिशेब आपण आस्थेने पाहतो. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा किंवा गडचिरोली येथे मोकाट श्वानांच्या निर्बीजीकरणासाठी देणगी दिली, तर शस्त्रक्रिया किती झाल्या आणि खर्च किती आला हे आपण विचारतो. त्या मुक्या जिवाच्या वेदना शमविण्यासाठी काय केले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

निर्बीजीकरणाची आवश्यकता वादातीत आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने नवे प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू केले. त्यांनुसार मोकाट श्वानाचे निर्बीजीकरण करून, त्याला रेबीजची लस टोचून, बरे झाल्यावर जेथून आणले तेथेच सोडावयाचे असते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवरील गावांत याला विशेष अर्थ आहे. तेथे गावाच्या वेशीपाशीच जंगल सुरू होते आणि बिबट्या श्वानांची शिकार करतो. जखम ठणकत असलेली, पाठीला बाक आलेली मादी तेथे सोडली, तर तिला धावता येत नाही. म्हणून वनप्रदेशात वेदनाशमन हा जिवाच्या रक्षणाचाही भाग ठरतो.

नराची शस्त्रक्रिया वरवरची असते. मादीच्या बाबतीत पोटाला छेद देऊन बीजकोश व बहुधा गर्भाशयही काढावे लागते. बीजकोशाला धरून ठेवणारा बंध ताणला जातो, तो क्षण सर्वांत वेदनादायक असतो. ‘भूल दिली होती, तिला काय कळणार?’ असे आपण सहज म्हणतो. परंतु बेशुद्धी आणि वेदनाशमन या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडील शिबिरांत झायलाझिन व केटामिन ही जोडी पुष्कळदा वापरली जाते. झायलाझिनने वेदना काहीशी शमते, पण तो परिणाम फार काळ टिकत नाही. जखमेचा ठणका मात्र पुढील दोन-तीन दिवस राहतो.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. वेदना उसळण्यापूर्वीच तिला अटकाव करणे, हे त्याचे पहिले सूत्र. छेद घेण्यापूर्वी वेदनाशामक द्यावे. छेदाच्या रेषेवर आणि बीजकोशाच्या बंधापाशी लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध योग्य मात्रेत टोचावे. ब्युपिव्हाकेनचा प्रभाव काही तास टिकतो. ब्युप्रेनॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधे अधिक प्रभावी असतात. पण त्यांवर कायद्याचे नियंत्रण असल्याने लहान गावी ती हाताशी असतीलच असे नाही. त्यानंतरचा आधार मेलॉक्सिकॅमचा. पहिल्या दिवशी दर किलो वजनामागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज एकदा ०.१ मिलिग्रॅम अशी त्याची प्रचलित मात्रा आहे. पंधरा किलोच्या मादीला पहिल्या दिवशी ३ आणि नंतर दीड मिलिग्रॅम पुरते. मूत्रपिंडाचा विकार असेल, शरीरातील पाणी कमी झाले असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर हे औषध घातक ठरू शकते. म्हणून निर्णय पशुवैद्यकानेच करावा.

वेदना ओळखणे हेही एक शास्त्र आहे. श्वान ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे नव्हे. अनोळखी पिंजऱ्यातील भेदरलेले जनावर उलट गप्प होते. कोपऱ्यात आखडून बसणे, वारंवार पोटाकडे पाहणे, टाके चाटणे, अन्नाला तोंड न लावणे, जखमेजवळ हात नेताच अंग चोरणे, ही त्याची भाषा आहे. ग्लासगो विद्यापीठाने अशाच खुणांना गुण देऊन एक वेदनामापन-पत्रक तयार केले आहे. ते भरण्यास काही मिनिटेच लागतात.

औषधाची निवड करताना या जिल्ह्यांत आणखी एका जिवाचा विचार करावा लागतो. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन भारतातील गिधाडे मोठ्या संख्येने मेली. गिधाडे घटल्यावर उघड्यावरची मृत गुरे श्वानांना मोकळी मिळाली आणि त्यांची संख्या वाढण्यास तेही एक कारण झाले. पशुवापराच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. २०२४ मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातील लांब चोचीची दहा गिधाडे ताडोबात आणली गेली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांती दिसून आले आहे. जे औषध मादीला विसावा देते, तेच तिचे कलेवर एखाद्या गिधाडापुढे आले तरी त्याला मारीत नाही.

म्हणून पुढील वेळी धनादेश लिहिण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. छेदापूर्वी वेदनाशामक दिले जाते काय? बधिर करणारे औषध टोचले जाते काय? नंतर किती दिवस औषध मिळते? सोडण्यापूर्वी प्रत्येक मादी कोण तपासतो? औषधासाठी पैसा अपुरा पडत असेल, तर त्यासाठी स्वतंत्र रक्कम द्यावी. दारातल्या श्वानाला मात्र घरातील आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. माणसाची गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

पन्नास शस्त्रक्रियांच्या निधीत औषधांसह चाळीसच होत असतील, तर चाळीसच व्हाव्यात. अहवालातील आकडा थोडा लहान दिसेल. परंतु ज्या हेतूने आपण दान दिले, तो हेतू त्यात पुरा झालेला असेल.