पाढ्यांचा तक्ता आणि आठ धूमकेतू

सुट्टीत मुलं गच्चीवर अंथरुणं टाकली की गोष्टीसाठी मागे लागतात. राजाराणीच्या गोष्टी सांगून संपल्या असतील, तर ही खरीखुरी गोष्ट सांगा. त्या निमित्तानं आकाशाशीही ओळख होईल, आणि खर्च म्हणाल तर एका वहीचा!

ही गोष्ट कॅरोलिन हर्शेलची. तिचा जन्म १७५० साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. दहाव्या वर्षी टायफसचा ताप आला आणि तिची वाढच खुंटली. उंची जेमतेम ४ फूट ३ इंच राहिली. हिचं लग्न काही व्हायचं नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. वडिलांना तिला शिकवावंसं वाटे. पण आईला घरकामाला हक्काचं माणूस हवं होतं. शेवटी १७७२ मध्ये इंग्लंडात राहणारा भाऊ विल्यम तिला न्यायला आला. तिच्या जागी मोलकरीण ठेवायला त्यानं आईला पैसे लावून दिले, तेव्हा कुठे तिची सुटका झाली.

सुटका म्हणजे काय, तर भावाचं घर सांभाळायचं! विल्यमला दुर्बिणी बनवायचं वेड. तो तासन् तास आरसे घाशीत बसे आणि ही त्याच्या तोंडात घास भरवी. आरशाच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळायची, तेही हिनंच. पण हे करता करता ती गणित शिकली, दुर्बीण वापरायला शिकली. आणि गंमत म्हणजे, तिला पाढे कधीच पाठ झाले नाहीत! पाढ्यांचा तक्ता ती जवळ बाळगी. पाढ्यांवरून बोलणी खाणाऱ्या तुमच्या चिरंजीवांना हे आवर्जून सांगा.

१७८६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम परगावी असताना १ तारखेच्या रात्री तिला एक अंधुक ठिपका दिसला. तिनं त्याची जागा कागदावर नोंदवली. दुसऱ्या रात्री पाहते तो ठिपका सरकलेला! तो धूमकेतू होता. १७९७ पर्यंत तिनं असे आठ शोधले. १७८७ पासून राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार दिला. आपल्या मर्जीनं खर्चायला मिळालेला हा आयुष्यातला पहिला पैसा, असं तिनं आठवणींत लिहिलं आहे. १८२८ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक तिला मिळालं. त्यानंतर ते पुन्हा एका स्त्रीला मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. त्या व्हेरा रुबिन. कॅरोलिन ९७ वर्षं जगली.

आता मुलांना तिचीच युक्ती करू द्या. अमावस्येनंतर तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर, रोज ठरल्या वेळी, एकाच जागी उभं राहून चंद्र पाहायचा. जवळचा एखादा ठळक तारा धरून दोघांच्या जागा वहीत काढायच्या. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश आकाश झाकते. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे मुठीहून थोडा जास्त. हे आधी सांगू नका बरं का, त्यांचं त्यांना सापडू द्या. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून विजेरीवर पतंगाचा लाल कागद बांधा.

आणि एक. आकाश पाहायची वेळ आणि मागचं आवरायची वेळ नेमकी एकच असते. मुलगा वही घेऊन गच्चीवर जातो आणि मुलीला भांडी विसळायला हाक येते. तेवढा आठवडा ही हाक दोघांनाही मारा, नाहीतर कुणालाच नको. भांडी अर्ध्या तासानं घासली तरी चालतात. चंद्र मात्र मावळायचा थांबत नाही.