लवकरची वाट आणि हक्काची वाट

प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या पाण्यावर उसाचे मळे फुलले, त्या उसावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांच्या आश्रयाने लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांतून बाहेर पडलेली मुले पुण्यातील नोकरीवरून अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथवर जाऊन पोचली, आणि म्हणून आज नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अनेक घरांत सोयरिकीची बोलणी चालली असता मुलाचा पगार आणि मुलीचे शिक्षण यांच्या जोडीला एक तिसरा प्रश्न बैठकीत निघतो: मुलीचा व्हिसा किती दिवसांत होईल? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु अपुरा आहे. परदेशस्थ जोडीदाराकडे जाण्याच्या वाटा बहुधा एकाहून अधिक असतात, आणि त्यांतील एकीची निवड करताना मुदत मोजण्यापूर्वी, त्या वाटेने गेलेल्या माणसाला त्या देशात स्वतःचे असे काय स्थान मिळेल, हे पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम अमेरिकेचा विचार करू. तेथे एच-वन-बी परवान्यावर नोकरी करणाऱ्याची पत्नी ‘एच-फोर’ या आश्रित व्हिसावर जाते. या व्हिसावर तेथे राहण्याची मुभा मिळते, नोकरीची मिळत नाही. मे २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मागता येतो हे खरे. पण त्यासाठी पतीच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालेली असावी लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग तर वर्षानुवर्षे जागची हलत नाही. परिणामी वराच्याच तोडीची पदवी घेतलेली मुलगी ऐन उमेदीची वर्षे घरात बसून काढते, आणि दुर्दैवाने पतीची नोकरी गेली तर तिच्याही मुक्कामाचा आधार जास्तीत जास्त साठ दिवसांच्या सवलतीनंतर सुटतो. हा दोष पतीचा नव्हे, कायद्याचा आहे. पण साखरपुड्यापूर्वी तो मुलीला स्वच्छ शब्दांत सांगणे हे मात्र वरपक्षाचे कर्तव्य आहे.

वर अमेरिकेचा नागरिक असेल तर निवडीला खरा वाव असतो. वाग्दत्त वधू म्हणून ‘के-वन’ व्हिसावर जाता येते. मग तेथे पोचल्यापासून ९० दिवसांत विवाह करावयाचा, ग्रीनकार्डासाठी पुन्हा निराळा अर्ज करावयाचा आणि कामाचा परवाना हाती येईपर्यंत थांबावयाचे. उलट, येथेच विवाह करून, येथूनच पत्नी म्हणून अर्ज केला तर प्रतीक्षा इकडे सोसावी लागते खरी, पण जी जाते ती कायम रहिवासी म्हणूनच तेथे उतरते आणि पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकते. विवाहाला दोन वर्षे झाली नसतील तर तिचे पहिले ग्रीनकार्ड सशर्त, दोन वर्षांचेच असते आणि ती शर्त काढण्याचा अर्ज सामान्यतः उभयतांनी मिळून करावयाचा असतो. तथापि विवाह सद्भावनेने होऊनही मोडला, किंवा पतीने छळ केला, तर एकटीलाही तो करता येतो. ही तरतूद ठाऊक नसल्याने जी स्त्री छळ मुकाट्याने सोसत राहते, तिच्यासाठी हे एक वाक्य शंभर सल्ल्यांहून मोलाचे आहे.

कॅनडात हाच पेच निराळ्या रूपाने उभा राहतो. तेथे जाऊन, पतीजवळ राहून अर्ज करता येतो किंवा देशाबाहेर राहून करता येतो. पहिल्या प्रकारात वियोग टळतो. पण अर्ज नामंजूर झाल्यास इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागण्याचा हक्क त्यात नाही, आणि मधल्या काळात वडिलांच्या आजारपणासाठी गावी आलेल्या मुलीला परत प्रवेश नाकारला गेला तर तो अर्जच अडचणीत येतो. दुसऱ्या प्रकारात अपिलाचा हक्क शाबूत राहतो. याच देशाने २०१२ मध्ये, नवविवाहित जोडीदाराने दोन वर्षे एकत्र राहिलेच पाहिजे, नाहीतर त्याचा कायम रहिवास जाईल, असा नियम काही जोडप्यांसाठी केला होता. छळ होणाऱ्या स्त्रिया त्यामुळे त्याच घरात जखडल्या जातात अशी टीका झाली आणि २०१७ मध्ये तो नियम रद्द झाला. जोडीदाराचे स्थान पूर्णतः दुसऱ्याच्या मर्जीवर टांगून ठेवू नये, हे तत्त्व एका शासनाला अनुभवाने पटले. आपल्या बैठकींतही ते पटावयास हरकत नाही.

इंग्लंडमध्ये निवडीपेक्षा ऐपतीचा प्रश्न आधी येतो. पती वा पत्नीला बोलावण्यासाठी लागणारी किमान वार्षिक मिळकत तेथे एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेण्यात आली. तेव्हा मुहूर्त काढण्याआधी पगाराचा कागद पाहावा, हे बरे.

यावर कोणी म्हणेल की, नवपरिणितांनी महिनोन्‌महिने ताटातूट सोसावी हे सांगणे सोपे आहे. आक्षेप रास्त आहे. वियोगाचे दुःख खरे आहे. पण त्यावर एजंट सुचवितात तो उपाय, म्हणजे पर्यटक म्हणून जा आणि तेथे गेल्यावर पाहू, हा दुखण्याहून भयंकर आहे. हेतू लपवून व्हिसा मिळविल्याचे सिद्ध झाले तर कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते, आणि अमेरिकेत तो ठपका आजन्म पाठ सोडत नाही. याउलट, पत्नी म्हणून अर्ज दाखल आहे हे उघड सांगून भेटीचा व्हिसा मागण्यास कॅनडाच्या कायद्याची आडकाठी नाही. तो मिळेलच असे नाही, पण मागण्यात खोटेपणा नाही.

आता कागदपत्रांविषयी. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, पाहणे, सुपारी, हळद आणि विवाह एका दमात उरकून परत जातो, आणि मग विवाह खरा कशावरून, असे परक्या कचेरीतील अधिकारी विचारतो तेव्हा आपल्याकडे मंडपातील छायाचित्रांखेरीज काही नसते. त्यातच ताम्हणातल्या तांदळांत वधूचे नवे नाव लिहिण्याची आपली चाल. लग्नपत्रिकेत एक नाव, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. भरीस भर म्हणून जन्मदाखल्यावर अहमदनगर आणि २०२४ च्या नामांतरानंतरच्या कागदांवर अहिल्यानगर. यांतील एकही विसंगती अपराध नाही, पण प्रत्येकीचा खुलासा प्रतिज्ञापत्राने वा राजपत्राच्या प्रतीने आधीच जोडलेला असावा. विवाहाची नोंद तर पाहुणे पांगण्यापूर्वीच करावी. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ती ग्रामपंचायतीतही होते, आणि वर, वधू, साक्षीदार व भटजी हे सारे एकत्र सापडण्याची वेळ पुन्हा येत नाही.

हे सर्व नियम बदलते आहेत. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी त्या त्या शासनाचेच पत्रक वाचावे, सांगोवांगीवर विसंबू नये. परंतु निवडीची कसोटी बदलण्याचे कारण नाही. शिकून परदेशी गेलेल्या मुलीमागे तिचा पती जाणार असेल तर त्यालाही हीच कसोटी लागू आहे: नोकरीचा हक्क कोणत्या वाटेने लवकर मिळतो, नकार आल्यास दाद कोठे मागता येते, आणि संसार मोडलाच तर पायाखाली जमीन कोणाच्या नावाची राहते? वधूवरांच्या पालकांना माझी विनंती एवढीच की, देण्याघेण्याची यादी करण्यापूर्वी हे तीन प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारावेत, आणि ज्या घरी त्यांची उत्तरे टाळली जातील तेथे सुपारी फोडू नये.